तारे मोजणारा सुलतान : उलुग बेग

हिजरी सन 853. रमजानचा पहिला अशरा, म्हणजे महिन्याचे पहिले दहा दिवस. इंग्रजी कालगणनेनुसार ऑक्टोबर 1449. समरकंद शहरातून पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ मक्केच्या यात्रेसाठी बाहेर पडले. काही दिवसांपूर्वीपर्यंत ते या शहराचे सुलतान होते. आता गादीवर त्यांचा मुलगा बसला होता आणि यात्रेची परवानगीही त्याच्याकडूनच घ्यावी लागली होती. शहरापासून ते फार दूर गेलेही नव्हते. वाटेतच मारेकऱ्यांनी त्यांना गाठले आणि तलवारीच्या घावाने त्यांचे शिर धडावेगळे केले. या हत्येमागे मुलाचाच हात होता.

त्यांचे नाव मिर्झा मुहम्मद तारागाय. इतिहास त्यांना उलुग बेग म्हणून ओळखतो. तुर्कीत या नावाचा अर्थ थोर सरदार. त्यांच्या राज्याच्या सीमा केव्हाच पुसल्या गेल्या. मात्र त्यांच्या वेधशाळेने तयार केलेली 1018 ताऱ्यांची यादी ऑक्सफर्डपासून जयपूरपर्यंत पोहोचली.

उलुग बेग यांचा जन्म 22 मार्च 1394 रोजी इराणमधील सुलतानिया येथे, लष्कराच्या मुक्कामी झाला. आजोबा तैमूर. 1398 मध्ये दिल्ली लुटणारा, मुंडक्यांचे ढीग रचणारा तोच तैमूरलंग. वडील शाहरुख आणि आई गौहरशाद. या मातेने बांधलेली मशीद मशहद शहरात आजही उभी आहे. नातवाचे बालपण आजोबांच्या छावण्यांबरोबर गावोगाव फिरण्यात गेले. याच भटकंतीत त्यांनी मरागा येथील जुन्या वेधशाळेचे अवशेष पाहिले आणि आकाशाची ओढ तिथेच लागली, असे सांगतात.

1405 मध्ये तैमूर मरण पावला. शाहरुखने हेरात ही आपली राजधानी केली आणि 1409 मध्ये समरकंदचा कारभार उलुग बेग यांच्या हाती सोपवला. तेव्हा ते अवघे पंधरा वर्षांचे होते. त्या वयाच्या राजपुत्राने घोडदौड करावी, शिकार करावी, मुलूख जिंकावा अशी घराण्याची रीत. शिकार त्यांनाही आवडत असे. पण त्यांचा खरा जीव गणितात होता.

1417 ते 1420 या काळात त्यांनी समरकंदच्या रेगिस्तान चौकात भव्य मदरसा उभारला. तिथे धर्मशास्त्राच्या जोडीला गणित आणि खगोलशास्त्रही शिकवले जाई. बुखारा शहरातही त्यांनी मदरसा बांधला. ज्ञान मिळवणे हे प्रत्येक मुस्लिम स्त्री-पुरुषाचे कर्तव्य आहे, या आशयाचा मजकूर त्याच्या दरवाजावर कोरलेला आहे. मजकुरात स्त्रीचाही उल्लेख आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

उत्तमोत्तम विद्वान त्यांनी समरकंदला गोळा केले. तुर्कस्तानातून आलेले काझीजादा रूमी, इराणच्या काशान शहरातले गियासुद्दीन जमशीद अल-काशी आणि तरुण अली कुश्जी ही त्यातली ठळक नावे. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर, म्हणजे पाय, दशांशानंतर सोळा स्थळांपर्यंत अचूक काढणारे ते हेच अल-काशी.

अल-काशी यांनी आपल्या वडिलांना पाठवलेली पत्रे सुदैवाने टिकली आहेत. त्यांतून या दरबाराची रीत कळते. एकदा घोड्यावरून जाताना सुलतानांनी काही वर्षांपूर्वीच्या एका दिवशी सूर्य आकाशात नेमका कुठे होता, याचे गणित तोंडी सोडवले होते. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. चर्चेत कोणी केवळ सुलतानांचा मान राखण्यासाठी मान डोलावली, तर उलुग बेग त्याला फटकारत. न समजता होकार देणे म्हणजे मलाच अडाणी ठरवणे, असे ते मानत. कधी ते मुद्दामच चुकीचे विधान करत. कोणी भीडेखातर ते मान्य केले, तर तोच विषय पुन्हा काढून त्याची चूक उघडी पाडत. ज्या काळात राजाच्या शब्दाला नाही म्हणणे जिवावर बेतू शकत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे.

यामागचे कारण साधे होते. प्रजा हुकूम ऐकते, तारे ऐकत नाहीत. मोजणी चुकली तर ती सुलतानाचीही चूकच.

तोवर जगभरचे खगोलज्ञ ताऱ्यांच्या जागांसाठी मुख्यतः टॉलेमीच्या यादीवर विसंबून होते. ती दुसऱ्या शतकातली. तेराशे वर्षे तिच्यात हिशेबाने फेरफार करून काम भागवले जात होते. उलुग बेग यांनी ठरवले की ताऱ्यांच्या जागा स्वतः नव्याने मोजायच्या. दुर्बिणीचा शोध लागायला अजून जवळजवळ दोनशे वर्षे होती. साधन एकच, माणसाचा डोळा. मग डोळ्याला मदत कशी करायची? उपकरण जितके मोठे, तितकी त्यावरची रेघ स्पष्ट.

म्हणून 1420 च्या दशकात समरकंदबाहेरच्या टेकडीवर तीन मजली गोल वेधशाळा उभी राहिली. तिच्या पोटात उत्तर-दक्षिण दिशेने सुमारे चाळीस मीटर त्रिज्येची दगडी कमान बसवलेली होती. कमानीचा खालचा भाग टेकडीच्या खडकात खोदलेला होता. वरच्या छिद्रातून आलेला सूर्याचा कवडसा भरदुपारी या कमानीवर पडे आणि तिथल्या खुणेवरून सूर्याची उंची वाचली जाई. कमान एवढी मोठी की कोनाचा एक अंश तिच्यावर जवळजवळ सत्तर सेंटिमीटर भरत असे. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. तीही सेंटिमीटरहून थोडी मोठीच होती.

उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी आणि हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्याची दुपारची उंची मोजायची, दोहोंमधला फरक निम्मा करायचा, की पृथ्वीचा आस किती कललेला आहे ते कळते. समरकंदचे उत्तर आले 23 अंश, 30 कला, 17 विकला. आजच्या गणिताने त्या काळचा कल काढला, तर फरक एका कलेहूनही कमी निघतो. ताऱ्यांच्या संदर्भाने वर्षाची लांबी त्यांनी 365 दिवस, 6 तास, 10 मिनिटे आणि 8 सेकंद काढली. आजच्या आकड्यापेक्षा ती एका मिनिटानेही जास्त नाही.

हे काम एका माणसाचे नव्हते. 1429 मध्ये अल-काशी गेले, पुढे काझीजादाही गेले. अली कुश्जी यांनी सूत्रे हाती घेतली. 1437 च्या सुमारास ‘झीज-ए-सुलतानी’ हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात निरनिराळ्या कालगणना, ग्रहांच्या गतीची कोष्टके, एकेका कलेच्या अंतराने दिलेली त्रिकोणमितीची कोष्टके आणि ती 1018 ताऱ्यांची यादी होती. समरकंदहून न दिसणारे दक्षिणेकडचे काही तारे मात्र दहाव्या शतकातल्या अब्दुर्रहमान अल-सूफी यांच्या ग्रंथातून घेतले होते.

रणांगणावर मात्र उलुग बेग कच्चे ठरले. 1427 मध्ये उझबेकांकडून त्यांचा पराभव झाला आणि वडील नाराज झाले. 1447 मध्ये शाहरुखच्या निधनानंतर घराण्यात वारसाहक्काची लढाई पेटली. पुतण्यांशी झुंजता झुंजता थोरला मुलगा अब्दुल लतीफ दुरावला. ग्रहांच्या गती अचूक सांगणाऱ्या बापाला मुलाच्या मनाची गती ओळखता आली नाही. मुलाने बंड केले, बापाचा पराभव केला आणि पुढे रमजानच्या पवित्र महिन्यात जे घडले ते घडले. धाकटा भाऊ अब्दुल अजीज यालाही त्याने जिवंत ठेवले नाही. पण बापाचे रक्त सांडून मिळवलेली गादी त्याला सहा-सात महिनेच लाभली. 1450 मध्ये त्याचाही खून झाला.

वेधशाळा ओस पडली, पुढे जमीनदोस्त झाली. तिची कोष्टके मात्र वाचली. अली कुश्जी यांनी समरकंद सोडले आणि तबरीजमार्गे ते इस्तंबूलला पोहोचले. त्यांच्यासारख्या शिष्यांमुळे आणि नकला करणाऱ्या लेखनिकांमुळे हा ग्रंथ देशोदेशी गेला. 1665 मध्ये ऑक्सफर्डला ताऱ्यांची यादी लॅटिन भाषांतरासह छापली गेली. युरोपातील खगोलज्ञ हेवेलियस यांच्या 1690 च्या ग्रंथातील चित्रात टॉलेमी आणि टायको ब्राहे यांच्या पंगतीला उलुग बेग बसलेले दिसतात.

भारतात या ग्रंथाला सर्वांत मोठा वाचक मिळाला तो जयपूरच्या सवाई जयसिंह महाराजांच्या रूपाने. अठराव्या शतकात त्यांनी दिल्ली, जयपूर, उज्जैन येथे जंतरमंतर उभारले. त्यांच्या पदरी असलेल्या पंडित जगन्नाथ सम्राट यांनी टॉलेमीचा ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणला. महाराजांच्या फारसी ग्रंथातील ताऱ्यांच्या यादीला आधार होता तो उलुग बेग यांच्या यादीचा. जयपूरच्या षष्ठांश यंत्रात आजही भरदुपारी अंधाऱ्या खोलीत कमानीवर सूर्याचा कवडसा उतरतो. समरकंदची युक्ती तीच होती.

1908 मध्ये रशियन संशोधक व्यातकिन यांनी एका जुन्या वक्फनाम्याच्या आधारे वेधशाळेची जागा शोधली. खोदकामात खडकातली कमान जशीच्या तशी सापडली. जमिनीवरचे सारे लोकांनी नेले होते, जमिनीखालचे राहिले होते. 1941 मध्ये तैमूरच्या मकबऱ्यातील कबरी उघडल्या गेल्या. आजोबांच्या पायथ्याशी विसावलेल्या नातवाच्या मानेच्या मणक्यावर तलवारीचा घाव स्पष्ट दिसत होता. त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशी, शहिदासारखे दफन केले होते.

चंद्राच्या पश्चिम कडेजवळच्या एका विवराला आज उलुग बेग यांचे नाव आहे. रमजानच्या पहिल्या चंद्रकोरीत ते दिसत नाही, तेव्हा तो भाग अंधारात असतो. चंद्र रोज थोडा थोडा भरत जातो आणि पौर्णिमेच्या सुमारास, महिना निम्मा सरत आला की त्या विवरावर ऊन पडते. तरावीहची नमाज आटोपून घरी परतणाऱ्यांच्या डोक्यावर तेव्हा तोच चंद्र असतो.