एडवर्ड हॅमिल्टन एटकिन ऊर्फ ‘एहा’

वाघ-बिबळ्यांच्या कथा आपण सर्वच आवडीने ऐकतो. परंतु पायाखालच्या किड्याकडे आस्थेने पाहणारा मनुष्य विरळा. असा एक पुरुष आपल्या महाराष्ट्रात जन्मास आला. त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे थोडक्यात ठेवीत आहोत.

एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील, रेव्हरंड जेम्स एटकिन, हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होत. प्रारंभीचे शिक्षण वडिलांपाशीच झाले. पुढे मुंबई विश्वविद्यालयाच्या पदव्या संपादून त्यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८७० ते १८७६ पर्यंत लॅटिन शिकविले व नंतर जकात आणि मीठ खात्यात नोकरी धरली. उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. सरकारी कामातून उरलेला वेळ त्यांनी मुंग्या, डास, कोळी, फुलपाखरे यांच्या निरीक्षणात घालविला, आणि आपल्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे जोडून ‘एहा’ या सहीने त्यांविषयी मोठ्या विनोदाने लिहिले.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. त्यांत एटकिन होते, डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले देशबांधवही होते. उत्तर कानड्यात एटकिन यांनी डेव्हिडसन व बेल या मित्रांसह फुलपाखरांचे सुरवंट पाळले, आणि कोणता सुरवंट कोणत्या झाडाचा पाला खातो याची नोंद करून १८९६-९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. याच बेल यांनी जमविलेले लहान भुंगेरे पुढे अँड्र्यूज यांच्या अभ्यासास उपयोगी पडले. भूमीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांवरील अँड्र्यूज यांचे ग्रंथ १९२९ व १९३५ साली निघाले.

असल्या बारीक भेदांचा उपयोग काय, असे कोणी विचारील. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाचा शोध घेताना एटकिन यांना एक नवा डास आढळला. १९०३ मध्ये त्यास त्यांचेच नाव मिळाले. हिवताप पसरविणाऱ्या डासांच्या कुळातीलच हा डास. परंतु तो रानातील ओहोळांत वाढतो व रोग पसरविणाऱ्यांत गणला जात नाही. वैरी कोण व निरुपद्रवी कोण हे ओळखता आले, तरच उपाय योग्य ठिकाणी होतो.

१९०६ मध्ये एटकिन निवृत्त झाले व १९०९ साली एडिंबरो येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांचे कार्य मात्र अपुरेच आहे. जगात भुंगेऱ्यांच्या साडेतीन लाखांहून अधिक जातींस नावे मिळाली असून अद्याप अनेक जाती अनामिक आहेत. तांदळातील सोंडे, शेतातील हुमणी, इतकेच काय, आपला काजवाही याच वर्गातला! माहुलीच्या पायथ्याशी, आसनगाव, शहापूर व मुरबाडच्या रानांत, पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांत किती प्रकार असतात, हे आपणांपैकी कितीजणांनी मोजले आहे?

त्यास धन लागत नाही. एक भिंग, एक वही आणि थोडा धीर पुरे. किडा कोठे, कोणत्या दिवशी व कोणत्या झाडावर दिसला, एवढे प्रामाणिकपणे लिहावे. कारण स्थळ व तिथी यांवाचून नमुन्याचे मोल फारसे उरत नाही. जकात खात्यातील एका नोकराने फावल्या वेळात जे केले, ते आमचे विद्यार्थी सुटीत अवश्य करू शकतील, असा आम्हांस भरवसा आहे.