विवाहावर सत्ता कोणाची ?
कै. डॉ. रखमाबाई यांचें चरित्र व त्यापासून घ्यावयाचा बोध

विवाह हा धर्माचा विषय कीं सरकारचा, हा प्रश्न निघाला कीं आपल्याकडे वादाचा धुरळा फार उडतो, आणि ज्यांच्या संसाराविषयीं हा वाद चालतो त्या माणसांचा मात्र विसर पडतो. हा प्रश्न ज्या खटल्यानें उभ्या महाराष्ट्रापुढें आणला, त्या खटल्यांतील प्रतिवादी कै. डॉ. रखमाबाई यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. अष्टमी-रोह्याच्या व्यापारी मंडळींना फिर्याद, कैफियत, हुकूमनामा हे शब्द नवे नाहींत. म्हणून ही हकीकत आम्ही कायद्याच्या अंगानेंच सांगणार आहों.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजीं मुंबईस झाला. वडील जनार्दन पांडुरंग हे त्या अगदीं लहान असतांनाच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यांत विधवा झाल्या. परंतु त्यांच्या ज्ञातींत पुनर्विवाहास मुभा असल्यामुळें त्यांनीं पुढें डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशीं विवाह केला. डॉ. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. अशा विद्याव्यासंगी घरींही रूढीची पकड सुटली नव्हती. रखमाबाईंचें वयाच्या अकराव्या वर्षीं दादाजी भिकाजी या नात्यांतल्याच तरुणाशीं लग्न लावण्यांत आलें. जांवयानें शिकून पुढें यावें अशी सासरेबुवांची अपेक्षा होती. ती फळास आली नाहीं. दादाजी आपल्या मामाच्या घरीं राहूं लागला. रखमाबाई आईच्या घरींच राहिल्या, आणि मिळतील तीं पुस्तकें मिळवून स्वतःच्या हिमतीवर शिकत गेल्या. लग्न लागलें होतें. संसार मात्र एक दिवसही झाला नव्हता.

मार्च १८८४ मध्यें दादाजीनें वकिलामार्फत नोटीस देऊन पत्नीला आपल्या घरीं पाठविण्याची मागणी केली, आणि नकार मिळतांच मुंबईच्या हायकोर्टांत दावा लावला. २१ सप्टेंबर १८८५ रोजीं न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तो काढून टाकला. जें सहजीवन कधीं सुरूच झालें नाहीं तें परत मिळवून देण्याचा प्रश्नच उद्‌भवत नाहीं, आणि अशा दाव्याला हिंदु कायद्यांत आधारही नाहीं, असें त्यांचें मत पडलें. दादाजीनें अपील केलें. १८८६ सालीं मुख्य न्यायाधीश सर चार्लस सार्जंट व न्यायमूर्ति बेली यांनीं तो निकाल फिरविला व प्रकरण फेरचौकशीस पाठविलें. अखेर ४ मार्च १८८७ रोजीं न्यायमूर्ति फॅरन यांनीं हुकूम केला कीं रखमाबाईंनीं एक महिन्याच्या आंत पतीच्या घरीं राहावयास जावें, न गेल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. बावीस वर्षांच्या त्या तरुणीनें कैद पत्करण्याचा निर्धार जाहीर केला.

ह्या निकालानें देश ढवळून निघाला. बेहरामजी मलबारी, प्रिन्सिपॉल वर्ड्‌स्वर्थ प्रभृति गृहस्थ बाईंच्या साह्यास उभे राहिले. उलट लोकमान्यांच्या पत्रांनीं पिन्हे यांच्या निकालावर टीका केली. परकी सरकारनें आमच्या धर्मांत व घरांत हात घालूं नये, हा त्यांचा आग्रह स्वाभिमानाचा होता, आणि त्या स्वाभिमानाविषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे. परंतु ह्या खटल्यांत सरकारला घरांत बोलाविलें कोणीं ? रखमाबाईंनीं कोर्टाचें दार ठोठावलें नव्हतें; त्यांचें मागणें इतकेंच कीं मला माझ्या घरीं राहूं द्यावें. ज्या पक्षानें विवाह हा धर्माचा संस्कार म्हणून सरकारला दूर राहावयास सांगितलें, त्याच पक्षाला पत्नी घरीं आणण्यासाठीं सरकारचा बेलिफ व सरकारचा तुरुंग हवा होता.

आणि तो तुरुंग तरी कोणत्या धर्मांतून आला ? पतिपत्नींपैकीं एकानें दुसऱ्यास सोडलें असतां त्यास परत आणण्याचा हा दावा इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मपीठांच्या न्यायालयांत जन्मला. तेथून तो हिंदुस्थानच्या दिवाणी कोर्टांत शिरला, आणि १८६७ सालीं प्रिव्ही कौन्सिलानें एका मुसलमान कुटुंबाच्या खटल्यांत त्यास मान्यता दिली. ज्या १८८४ सालीं दादाजीनें दावा लावला, त्याच सालीं पार्लमेंटानें विलायतेंत अशा हुकुमाच्या भंगाबद्दलची कैद बंद केली. आमच्या दिवाणी कायद्यांत ती तशीच राहिली. विलायतेनें टाकून दिलेलें हत्यार येथें हिंदु धर्माच्या रक्षणासाठीं उगारलें गेलें, आणि त्या वेळच्या फारच थोड्या धर्माभिमान्यांना ह्यांत कांहीं वावगें वाटलें !

व्यापाऱ्यांनीं हाच प्रश्न आपल्या पेढीवर बसून तपासावा. अकरा वर्षांच्या मुलाच्या सहीचा कागद तुम्ही भाताच्या सौद्यांत पुरावा म्हणून पुढें कराल काय ? १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें अज्ञान मनुष्य करार करूं शकत नाहीं. सज्ञान मुनीमानें करार मोडून नोकरी सोडली, तरी त्याला धरून आणून गादीवर बसविण्याचा हुकूम कोर्ट देत नाहीं. नुकसानभरपाई मागतां येते, इतकेंच. विवाह हा सौद्याहून फार पवित्र आहे, असें कोणी म्हणेल. आम्हींही तसेंच मानतों. आणि म्हणूनच विचारतों कीं जी सक्ती मुनीमावर करतां येत नाहीं, ती सहधर्मचारिणीवर करण्यानें तें पावित्र्य वाढतें कसें?

खटल्याचा शेवट कोर्टाबाहेर झाला. जुलै १८८८ मध्यें तडजोड होऊन दादाजीनें दोन हजार रुपये घेतले व हुकुमाची बजावणी सोडून दिली. विक्टोरिया राणीनें खास हुकूम काढून हा विवाह रद्द केला, अशी दंतकथा अजून कानावर येते. तिच्यांत तथ्य नाहीं. बाईंची सुटका राणीच्या कृपेनें झाली नाहीं व कायद्याच्या न्यायानेंही झाली नाहीं. ती पैसे मोजून झाली. दादाजीनें दुसरें लग्न केलें. रखमाबाईंनीं पुन्हां विवाह केला नाहीं.

१८८९ सालीं त्या विलायतेस गेल्या आणि लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत शिकून डॉक्टर झाल्या. स्वदेशीं परत आल्यावर त्यांनीं सुरतेस व पुढें राजकोटास स्त्रियांच्या इस्पितळांत सुमारें पस्तीस वर्षें सेवा केली. जिला समाजानें बेपर्वा म्हणून हिणविलें, तिच्याच हातीं हजारों कुटुंबांनीं आपल्या लेकीसुनांचीं बाळंतपणें विश्वासानें सोंपविलीं. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, त्यांचा मुंबईस अंत झाला.

त्यांच्या ह्या दीर्घ आयुष्यांत कायदाही हळूहळू चालत होता. १८९१ सालीं संमतिवय दहावरून बारावर गेलें. १९२३ सालीं ह्या प्रकारच्या हुकुमासाठीं होणारी कैद हिंदुस्थानांतही बंद झाली. १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें वय चौदा ठरविलें. रखमाबाई वारल्या त्याच वर्षीं, १८ मे १९५५ पासून, आपल्याच लोकसभेनें केलेला हिंदु विवाहाचा कायदा अमलांत आला. त्यानें बहुपत्नीत्व बंद केलें व घटस्फोटास वाट दिली. मात्र नवव्या कलमांत दादाजीचा जुना दावा कायम ठेवला. १९८३ सालीं आंध्र प्रदेशच्या हायकोर्टानें तें कलम घटनाबाह्य ठरविलें. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें, तें संसार सांधण्यास उपयोगी पडतें असें मानून, वैध ठरविलें. तुरुंग गेला, पण हुकूम न मानणाराच्या मिळकतीवर जप्ती आणण्याची तरतूद राहिली. परकी सरकारची सबब आतां उरलेली नसल्यामुळें ह्या कलमाचा जाब आपणां सर्वांनाच द्यावा लागेल. मोडलेलें मन जप्तीनें सांधतें, असें आम्हांस तरी वाटत नाहीं.

मग धर्म व सरकार यांच्या मर्यादा कोणत्या ? कायद्यानें दाखविलेली एक वाट आम्हांस रास्त वाटते. १९५५ च्या कायद्याप्रमाणें हिंदूंचा विवाह रूढ संस्कारांनींच होतो. जेथें सप्तपदीची चाल आहे तेथें सातवें पाऊल पडतांच तो पूर्ण होतो, आणि केवळ नोंद झाली नाहीं म्हणून तो बाद होत नाहीं. ज्यांस कोणताही विधि नको, त्यांच्यासाठीं १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. म्हणजे मंगलाष्टकें म्हणणें सरकारचें काम नव्हे. वय व संमति पाहणें, नोंद ठेवणें आणि दुर्बलास आधार देणें हें त्याचें काम. रोह्यांत धावीर महाराजांची पालखी निघते तेव्हां पोलीस तिला सलामी देतात. पण पूजा पुजाऱ्याकडेच असते, आणि पालखीचे मानकरीही कचेरीचा कारभार मागत नाहींत. हाच विवेक लग्नमंडपांत हवा.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणें, लहानपणीं लग्न झालेल्या मुलीस सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत, तें रद्द करून मागतां येतें. दादाजीची नोटीस आली तेव्हां रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. हा कायदा त्या वेळीं असता, तर अर्ज करावयास त्यांना आठ महिने उरले असते. परंतु अर्ज करावा लागणें हीच मुळीं घरच्यांची नामुष्की आहे. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरील आईबापांस आमचें सांगणें इतकेंच कीं पत्रिका, हुंडापांडा व मानपान यांच्या याद्या करण्यापूर्वीं मुलीस एकांतीं बसवून तिचें मन विचारावें, आणि तिनें नाहीं म्हटल्यास तें ऐकून घ्यावें. हुंडा तर १९६१ पासून गुन्हाच आहे. त्याची यादी मुळींच करूं नये. लग्न लागल्यावर त्याची नोंद त्याच आठवड्यांत करावी. खातेवहींतली नोंद आपण उद्यांवर टाकीत नाहीं, मग ही कां टाकावी?