कादंबरीकार चंदु मेनोन

मलयाळी भाषेंतील थोर कादंबरीकार ओय्यारत्त चंदु मेनोन यांचा जन्म उत्तर मलबारांत १८४७ सालीं झाला. तलश्शेरी येथें इंग्रजी विद्या संपादून १८६४ सालीं ते न्यायखात्यांत कारकून झाले व पुढें सबजज्जाच्या पदापर्यंत चढले.

इंग्रजी कादंबऱ्यांचा त्यांना मोठा नाद. डिझरायलीची एक कादंबरी त्यांनीं भाषांतरावयास घेतली. परंतु परक्या चालीरीति स्वभाषेंत नीट उतरेनात. तेव्हां १८८९ सालीं सुमारें दोन महिन्यांत त्यांनीं ‘इंदुलेखा’ ही स्वतंत्र कथा रचली. संस्कृतप्रचुर भाषेऐवजीं घरोघर बोलली जाणारी मलयाळीच त्यांनीं योजिली. कुटुंबाचा वडील पंचुमेनोन सुशिक्षित इंदुलेखेस माधवाला देणार नाहीं अशी शपथ घेतो व श्रीमंत नंबूतिरीस घरीं बोलावितो. ती मात्र त्याला नाकारून माधवासच वरते. पहिली आवृत्ति थोड्याच महिन्यांत खपली, व १८९० सालीं ड्यूमर्गसाहेबांनीं तिचें इंग्रजी भाषांतर केलें.

‘शारदे’चा पहिला भाग १८९२ सालीं निघाला, पण १८९९ सालीं मृत्यूनें त्यांस गांठल्यामुळें ती कथा अपुरीच राहिली. आम्हांस वाटतें, विद्येनें स्त्रीस स्वतःचें मत देतां येतें हें घरच्या भाषेंत सांगणें, हीच त्यांची खरी थोरवी होय.