मिरजेच्या तंबोऱ्यासाठी थांबावे का लागते? शिकलगार फरीदसाहेबांची गोष्ट

शिरूर, दौंड तालुक्यांतून वाहणारी भीमा पुढे पंढरपूर, मंगळवेढ्याकडे जाते. तिथे पिकणाऱ्या मोठ्या भोपळ्यांपासून मिरजेत सतार आणि तंबोरा घडतो. मनाजोगते वाद्य हवे असेल, तर कित्येक महिने थांबायची तयारी लागते. या कामाचा पाया घातला फरीदसाहेबांनी.

कोण होते फरीदसाहेब?
मिरजेच्या शिकलगार घराण्यातले कारागीर. हत्यारे घडवणे, त्यांना धार लावणे हा घरचा धंदा. इंग्रजी अंमल आला आणि तलवारींना गिऱ्हाईक उरले नाही. पोटाचा प्रश्न उभा राहिला. पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयामुळे मिरजेत गाणे मात्र बहरत होते. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ मोईनुद्दीन यांनी हत्यारांवर बसलेला हात वाद्यांकडे वळवला. आधी दुरुस्ती केली आणि १८५० च्या सुमारास स्वतः वाद्ये घडवायला घेतली.

वेळ कशात जातो?
भोपळा काही महिने सुकवावा लागतो. मग त्याला तून लाकडाची दांडी जोडणे, नक्षी, पॉलिश. शेवटी जवारी. घोडीचा माथा थोडा घासायचा, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा घासायचे. हे काम कानावरच चालते. गाणाऱ्याची पट्टी बदलली की तंबोऱ्याचे मापही बदलते.

आज काय स्थिती?
शिकलगारांचे पुढे सतारमेकर झाले. वंशजांनी हा धंदा टिकवला. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळाले. भोपळा मात्र आजही आपल्याच वेळेने सुकतो.