फुटबॉल नको म्हणणारा मुलगा

बँकेत दिवसभराचा हिशेब जुळवून घरी यायचं आणि जेवणं आटोपली की कादंबरीची वही उघडायची, असा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता. नोकरी सोडून लिहीतच बसतो, हे वडिलांना सांगायचं धैर्य मात्र मला कधी झालं नाही. म्हणूनच सॅम्युअल बार्बर या अमेरिकन संगीतकाराचा मला हेवा वाटतो.

बार्बरचा जन्म १९१० चा, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट चेस्टरचा. वडील डॉक्टर. नऊ वर्षांच्या सॅमने आईला चिठ्ठी लिहून कळवलं, की आपण संगीतकारच होणार, तेव्हा फुटबॉल खेळायला पिटाळू नये! चौदाव्या वर्षी तो फिलाडेल्फियाच्या कर्टिस इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाला. तिथेच त्याला आयुष्याचा सोबती भेटला, संगीतकार जान कार्लो मेनोत्ती.

१९३६ साली बार्बरने चार तंतुवाद्यांसाठी एक रचना केली. तिचाच संथ भाग त्याने मोठ्या वाद्यवृंदासाठी मांडला, तो 'अडाजिओ फॉर स्ट्रिंग्ज'. तोस्कानिनीने स्वरलिपी अवाक्षर न काढता परत पाठवली, तेव्हा बार्बर रुसला. पण त्या बुजुर्गाला ती तोवर मुखोद्गत झाली होती! ५ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याने ती रेडिओवर सादर केली.

जेमतेम आठ मिनिटं. जिना चढावा तसे सूर वर वर जातात, टिपेला पोचतात आणि एकदम सारं शांत होतं. ही रचना कुणाच्या मृत्यूवर केलेली नव्हती. तरी १९४५ साली रूझवेल्ट गेले, १९६३ साली केनेडी गेले, तेव्हा अमेरिकेने हीच ऐकली. २००१ च्या न्यूयॉर्क हल्ल्यानंतर लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्येही हीच वाजली.

बार्बरला दोनदा पुलित्झर मिळालं. पण लोकांना हवी असे ती हीच आठ मिनिटं, आणि त्याला ते खुपे. १९६६ साली त्याचा मोठा ऑपेरा पडला आणि तो खचला. १९८१ साली तो गेला. शेजारची जागा त्याने मेनोत्तीसाठी राखली होती. पण २००७ साली मेनोत्तीचं दफन स्कॉटलंडमध्ये झालं.

माझे वडील गेले, त्या वर्षी एका मित्राने मला ही कॅसेट दिली. त्या शांत क्षणी एकदम आठवलं, की वडिलांनी माझ्या वहीबद्दल कधी विचारलं नाही. पण रात्री माझ्या टेबलावरचा दिवाही कधी मालवायला सांगितला नाही.