अल्लादिया खाँ

उस्ताद अल्लादिया खाँ (जन्म : उणियारा, राजस्थान, १० ऑगस्ट १८५५, मृत्यू : मुंबई, १६ मार्च १९४६) हे हिंदुस्थानी शास्त्रीय संगीतातील श्रेष्ठ ख्यालगायक आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायकीचे प्रवर्तक होते. कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांच्या दरबारात ते अनेक वर्षे राजगायक होते. जातिधर्माचा भेद न करता त्यांनी विद्यादान केले. समाजाने ज्यांना प्रतिष्ठा नाकारली होती अशा कलावंत घराण्यांतील स्त्रियांनाही त्यांनी आपली गायकी शिकवली. त्यामुळे संगीताच्या इतिहासाबरोबरच महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातही त्यांचे स्थान महत्त्वाचे ठरते.

पूर्वायुष्य

खाँसाहेबांचे मूळ नाव गुलाम अहमद. त्यांच्या आधी जन्मलेली भावंडे दगावल्याने हे मूल अल्लाने दिले, या भावनेतून अल्लादिया हे नाव रूढ झाले. घराण्याच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज शांडिल्य गोत्री गौड ब्राह्मण होते आणि पुढे त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. आपल्या कुळाचा हा दुहेरी वारसा खाँसाहेब अभिमानाने सांगत. घराण्यात धृपदगायनाची परंपरा होती. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यावर चुलते जहांगीर खाँ यांनी त्यांना जयपूर येथे तालीम दिली. आधी धृपद आणि त्यानंतर ख्याल अशी ही तालीम अनेक वर्षे चालली.

आवाजाचे संकट

तरुणपणी एका लहान संस्थानच्या अधिपतीकडे नोकरीत असताना अतिगायनामुळे त्यांचा आवाज बसला. उपजीविका आणि ओळख दोन्ही गळ्यावर अवलंबून असलेल्या गायकावर हा मोठाच आघात होता. दीर्घ काळ रियाज केल्यावर आवाज परत आला, मात्र त्यात पूर्वीचा गोडवा आणि लवचीकपणा उरला नव्हता. खाँसाहेबांनी गाणे सोडले नाही. उरलेल्या आवाजाला साजेल अशी रागमांडणी त्यांनी नव्याने घडवली. पुढे जयपूर-अत्रौली गायकी म्हणून जी ओळखली गेली, तिचा उगम या काळात आहे.

गायकीची वैशिष्ट्ये

ख्यालात बंदिशीचे शब्द थोडे असतात आणि विस्तार गायकाला त्या त्या वेळी स्वतःच्या प्रतिभेने करावा लागतो. खाँसाहेबांनी या उपजेला लयीची शिस्त लावली. खुल्या आकारातील आलापी, दमसास, मध्यविलंबित लय, मात्रेच्या पोटातील आघातांशी बांधलेले स्वरवाक्य, पेचदार तान आणि समेवर सहज येणे ही या गायकीची लक्षणे मानली जातात. संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खट, सावनी, कबीरी भैरव यांसारखे अप्रचलित व जोड राग या घराण्यामुळे मैफलीत रुळले. त्यांनी रचलेल्या बंदिशींत अहमदपिया ही मुद्रा आढळते. ध्वनिमुद्रण करू देण्यास ते राजी नव्हते, त्यामुळे त्यांचे गाणे आज शिष्यांच्या गळ्यातूनच ओळखावे लागते.

कोल्हापूर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाँसाहेब कोल्हापुरास आले. १८९४ मध्ये राज्यारूढ झालेल्या शाहू महाराजांनी कुस्ती, नाट्य आणि संगीत या तिन्ही कलांना राजाश्रय दिला होता. १९०२ मध्ये त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. माणसाची पारख जन्मावरून करू नये, या विचाराने चालणाऱ्या या संस्थानात राजस्थानातून आलेला मुसलमान गवई घरचाच झाला. कोल्हापुरातील रसिक आणि संगीतप्रेमी मंडळींशी त्यांचा निकटचा संबंध राहिला. येथील कलावंत गोविंदराव टेंबे यांनी पुढे त्यांचे चरित्र मराठीत लिहिले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर खाँसाहेबांनी मुंबईत वास्तव्य केले.

शिष्यपरिवार

धाकटे बंधू हैदर खाँ आणि पुत्र बडेजी, मंजी खाँ व भुर्जी खाँ यांना खाँसाहेबांनी घरची विद्या दिली. पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे आणि बालगंधर्वांचे गुरू असलेले भास्करबुवा बखले हेही त्यांचे शिष्य होते. कर्मठपणाच्या त्या काळात ब्राह्मण शिष्याने मुसलमान गुरूच्या पायाशी बसणे ही साधी गोष्ट नव्हती. गाण्याने हे अंतर वादाविना ओलांडले.

गोव्यातील केरी येथील केसरबाई केरकर आणि कुर्डी येथील मोगूबाई कुर्डीकर या दोघी देवळांशी जोडलेल्या कलावंत समाजात जन्मल्या होत्या. या समाजातील स्त्रीचे गाणे लोक ऐकत, पण तिला मान देत नसत. सांगलीत औषधोपचारासाठी राहत असताना मोगूबाईंचा रियाज कानी पडल्याने खाँसाहेब स्वतः त्यांच्याकडे गेले आणि शिकवू लागले. आपल्याला शिकवणारे गृहस्थ कोण, हे मोगूबाईंना आरंभी ठाऊकही नव्हते. मुंबईत मात्र ही तालीम सुरळीत चालली नाही. केसरबाईंच्या बाजूने झालेल्या विरोधामुळे ती खंडित झाली आणि मोगूबाईंना काही काळ हैदर खाँ यांच्याकडे शिकावे लागले. कालांतराने खाँसाहेबांनी त्यांना विधिवत गंडा बांधला. गुरूंच्या उदारतेलाही आश्रयदात्यांच्या अटींची मर्यादा होती, हे या प्रसंगातून दिसते. पुढे या दोन्ही गायिकांना पद्मभूषण सन्मान मिळाला.

अखेरचा काळ आणि वारसा

१९३७ मध्ये मंजी खाँ यांचे अकाली निधन झाले. हा पुत्रशोक वृद्ध खाँसाहेबांना जिव्हारी लागला. मंजी खाँ यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांची तालीम पुढे भुर्जी खाँ यांनी चालवली. खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितल्या. त्या लिहून ठेवल्या गेल्यामुळे त्या काळच्या गवयांच्या जीवनाचे मोलाचे साधन उपलब्ध झाले.

१९७७ मध्ये अंतराळात पाठवलेल्या व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेत केसरबाईंच्या भैरवीचा समावेश करण्यात आला. स्वतःचा आवाज मुद्रित न करणाऱ्या गुरूची विद्या अशा रीतीने पृथ्वीबाहेर गेली. मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी या गायकीला पुढील पिढीत नवे रूप दिले.