तहकुबी, सूट आणि लोकमान्य टिळक



हंगाम संपत आला की तुमच्या गावाची पैसेवारी जाहीर होते. ती ५० पैशांच्या आत आली, तर टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते आणि त्या यादीत जमीन महसुलाचा उल्लेख हमखास असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, कर्जत, जामखेड, पारनेर किंवा श्रीगोंदे या भागांत राहणाऱ्यांना हे नव्याने सांगावयास नको. या व्यवहारातील दोन शब्द मात्र आरंभीच वेगळे करून घ्या. 'सूट' म्हणजे सारा कायमचा सोडून देणे. 'तहकुबी' म्हणजे तो आज न घेता पुढे ढकलणे. तहकुबीने देणे संपत नाही. सरकार फक्त काही काळ थांबते. हे थांबणे ही सरकारची कृपा की रयतेचा हक्क, हा प्रश्न १८९६ मध्ये महाराष्ट्रात उघडपणे विचारला गेला आणि तो विचारण्यात बाळ गंगाधर टिळक अग्रभागी होते.

टिळकांचे चरित्र तुम्ही शालेय वयापासून ऐकत आला आहात, म्हणून पूर्वायुष्य थोडक्यात पाहू. जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरी. वडील शिक्षक, घराणे कोकणातील खोतांचे. डेक्कन कॉलेजातून गणित घेऊन पदवी आणि १८७९ मध्ये कायद्याची पदवी. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये 'केसरी'. डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर उदरनिर्वाहासाठी त्यांनी कायद्याचे वर्ग चालवले आणि लातूरच्या जिनिंग कारखान्यात भागीदारी केली. १८९५ मध्ये ते मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले आणि त्याच सुमारास पुण्याच्या सार्वजनिक सभेची सूत्रे त्यांच्या गटाकडे आली. कायद्याचे पुस्तक उघडून त्यातील कलमावर बोट ठेवण्याची त्यांची सवय ध्यानात ठेवा. पुढील सारी हकीकत तिच्यावर उभी आहे.

१८९६ च्या पावसाळ्याने उत्तरार्धात दगा दिला. नगर, सोलापूर, विजापूर आणि भोवतालच्या प्रदेशात दुष्काळ पडला. त्याच सुमारास मुंबईत प्लेग प्रकटला. सारा मात्र ठरलेल्या हप्त्यांनीच द्यावयाचा होता. रयतवारी पद्धतीत सारा पिकावर नव्हे, जमिनीवर आणि रोख रकमेत, सामान्यतः तीस वर्षांसाठी ठरत असे. आकार माफक असल्यामुळे शेतकऱ्याने चांगल्या सालात शिल्लक टाकावी आणि वाईट सालात तीतून सारा भरावा, असे सरकारी तत्त्व होते. कागदावर ते सुसंगत दिसते. प्रत्यक्षात कोरडवाहू गावातील शिल्लक सावकाराच्या वहीत जमा होई. हप्ता चुकला की नोटीस, तिच्यामागून चौथाईपर्यंतचा दंड, नंतर जप्ती आणि शेवटी लिलाव. हे टाळण्यासाठी शेतकरी बैल विकत असे. दुष्काळात सर्वच विकणारे असल्याने भाव येत नसे, आणि माघात बैल विकणाऱ्याला ज्येष्ठात नांगर ओढायला काही उरत नसे. तहकुबीचे खरे महत्त्व येथे आहे. ती केवळ चालू सालाची सोय नसून पुढच्या पेरणीचे साधन राखण्याचा उपाय आहे.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि प्रांतोप्रांती 'फॅमिन कोड' म्हणजे दुष्काळसंहिता तयार झाल्या. कामे केव्हा काढावीत, मजुरी किती द्यावी, साऱ्याच्या वसुलीबाबत काय करावे, याचे नियम त्यांत होते. पुस्तके इंग्रजीत आणि कचेरीच्या कपाटात. ज्याच्यासाठी नियम केले त्याला त्यांची वार्ताही नव्हती. टिळकांनी नेमके हेच हेरले. संहितेचा मराठी तर्जुमा करवून तो खेडोपाडी पोहोचवण्यात आला, सार्वजनिक सभेचे प्रचारक गावोगाव फिरू लागले आणि 'केसरी' आठवड्यामागून आठवडा तोच विषय लावून धरू लागला. पीक बुडाले असेल तर मामलेदाराकडे अर्ज करा, सारा भरण्यासाठी जमीन वा गुरे विकू नका, कर्ज काढू नका, असा त्या लेखांचा आशय होता.

येथे थोडे थांबा, कारण वाद बारीक आहे. संहिता हा विधिमंडळाने केलेला कायदा नव्हता. तो अधिकाऱ्यांसाठी केलेला मार्गदर्शक नियमसंग्रह होता. त्यातून रयतेला न्यायालयात मागता येईल असा हक्क उत्पन्न होत नाही, ही सरकारची भूमिका तांत्रिकदृष्ट्या अगदीच निराधार नव्हती. टिळकांचा युक्तिवाद निराळ्या पातळीवरचा होता. सरकारने स्वतः छापलेला नियम सरकारनेच पाळावा आणि तसे सांगण्याचा अधिकार प्रजेला असावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. शिवाय त्यांनी एक मर्यादा स्वतःहून घातली होती. ज्याच्यापाशी ऐपत आहे त्याने सारा भरलाच पाहिजे. पुष्कळदा या चळवळीला सरसकट करबंदी म्हटले जाते. ते मला बरोबर वाटत नाही. ऐपत नसलेल्यापुरतीच ती मर्यादित होती. अर्थात कोणाची ऐपत आहे आणि कोणाची नाही, हे गावात ठरवायचे कोणी, या अडचणीचे समाधानकारक उत्तर टिळकांपाशीही नव्हते.

लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या सरकारने याकडे राजकारण म्हणूनच पाहिले. प्रचारकांवर खटले भरले गेले आणि १८९७ मध्ये, सार्वजनिक सभेशी सरकारी धोरणाबाबत पत्रव्यवहार केला जाणार नाही, असे जाहीर करून तिची मान्यता काढून घेण्यात आली. याचा फटका नगरलाही बसला. हातमागाचे काम थंडावल्याने नगर आणि सोलापूर येथील विणकर उपाशी मरू लागले होते. ज्याच्या हातांना धोट्याची सवय, त्याला खडी फोडण्याच्या कामावर पाठवणे म्हणजे त्याचा हुन्नरही घालवणे होते. टिळक तेथे गेले, स्थानिक मंडळींशी विचारविनिमय केला आणि स्थानिक समित्या व सरकार यांच्या सहकार्याने विणकरांना त्यांच्याच धंद्यातून आधार देण्याची योजना मांडली. ती टिळकांच्या सभेकडून आली, म्हणून सरकारने हाती घेतली नाही. पुण्यात स्वस्त धान्याची दुकाने काढण्याचा त्यांचा उपक्रम मात्र पार पडला आणि धान्याच्या लुटालुटीची भीती तेथे टळली.

या चित्राची दुसरी बाजूही तुम्ही वाचली पाहिजे. सरकारच्या साऱ्यापुढे रयतेचा कैवार घेणारे टिळक, खोताच्या वा सावकाराच्या मागणीपुढे तितके आग्रही राहिले नाहीत. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकरी कर्जनिवारण कायद्यावर 'केसरी'ने टीका केली आणि खोतीच्या प्रश्नात कुळांपेक्षा खोतांची बाजू उचलून धरली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले होते, हे आठवले म्हणजे ही उणीव अधिक बोचते.

पुढील घटना वेगाने घडल्या. रँडच्या खुनानंतर जुलै १८९७ मध्ये टिळकांना अटक झाली आणि राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा मिळाली. १८९९-१९०० मध्ये पुन्हा दुष्काळ पडला. तहकुबी व सूट यांची तत्त्वे स्पष्ट करणारा हिंदुस्थान सरकारचा ठराव १९०५ मध्ये निघाला. मंडालेहून सुटून आलेले टिळक १९१६ मध्ये नगरला आले आणि ३१ मे व १ जून या दोन दिवशी त्यांनी येथे स्वराज्यावर व्याख्याने दिली. कारभारातील निर्णय कोणी घ्यावयाचे, हा त्यांचा विषय होता. बेळगावचे एक आणि नगरची ही दोन, अशा तीन भाषणांबद्दल त्यांच्याकडून मोठ्या रकमेचे जामीन मागण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना यांनी त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द झाला.

१९१८ मध्ये गुजरातेतील खेडा जिल्ह्यात पीक चार आण्यांहून कमी आले असता तहकुबी मिळावी, म्हणून गांधीजींनी सत्याग्रह केला. तेथील तडजोड ऐपतदारांनी सारा भरावा आणि गरिबांची वसुली तहकूब व्हावी, अशी झाली. त्यानंतर दोन वर्षांनी, १ ऑगस्ट १९२० रोजी, टिळकांचे मुंबईत निधन झाले.

पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी एक काम करा. तलाठी कार्यालयात जाऊन आपल्या गावाची गेल्या काही वर्षांची पैसेवारी उतरवून घ्या. ज्या वर्षी ती ५० पैशांच्या आत होती त्या वर्षी महसुलात सूट मिळाली की केवळ तहकुबी, आणि तहकूब रक्कम पुढे केव्हा वसूल झाली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून दीडशे शब्दांत लिहा.